मामांच्या आंगठ्याखालचं बटण

आमोणे,
५ जून १९८८

प्रिय प्रशांतदादा,

नमस्कार. तू पत्रात खुशाली विचारली आहेस, म्हणून खरं तेच लिहिते. बाबांचा आवाज पूर्ण गेला. शिमग्यापर्यंत घोगरं का होईना, काहीतरी समजत होतं. आता ओठसुद्धा जुळत नाहीत. हात गेले, पाय तर केव्हाच गेले. उजव्या हाताचा आंगठा तेवढा हलतो, आणि डोळे. डोकं मात्र लख्ख आहे. हेच वाईट रे. पाळी गावच्या शाळेत तीस वर्षं पोरांना बाराखडी घोकवून घेतलेला माणूस, आणि आम्ही त्याला तान्ह्या बाळासारखं विचारतो, "उदक जाय? पंखा जाय?" हवं असेल तर डोळे मिटतात. पण डोळे आपसूकही मिटतात. मग आई एक म्हणते, मी दुसरंच म्हणते, आणि दोघी भांडतो. बाबा वर कौलांकडे बघत राहतात.

आता मुद्द्याचं. डॉक्टरांनी सांगितलं की गिळणं फार दिवस चालणार नाही. पोटाला भोक पाडून नळी बसवायची, तिच्यातून पेज-दूध घालायचं. नळी घातली तर वर्ष-दोन वर्षं काढतील. आजार बरा होणार नाही, आणखी वाढेलच. नाही घातली तर गणपतीची चवथ दिसेल की नाही सांगता येत नाही. डॉक्टर म्हणाले, "गुरुजी शहाणे आहेत, त्यांनाच विचारून ठरवा." कसं विचारायचं ते मात्र सांगितलं नाही.

तू तिथे बंगळूरला वजनकाट्यांना अक्कल घालतोस म्हणे. एका आंगठ्याला बोलता येईल असं काही तुला करता येतं का? नसेल तर तसंच लिही, उगाच धीर देऊ नको. धीर देणारे इथे भरपूर आहेत, रोज चहा पिऊन जातात.

तुझी,
जानकी


बंगळूर,
१४ जून १९८८

प्रिय जानकी,

करता येतं. हे वाक्य पहिलं लिहायचं असं ठरवूनच कागद पुढे घेतला.

आमच्या काट्यात एक चिप असते, मायक्रोकंट्रोलर म्हणतात. दिसायला काळ्या गोमीसारखी, पायांसकट. तिला सांगितलेलं एकच काम ती न कंटाळता करते. ती मी एका पेटीत बसवतो. पेटीला एक बटण, ते मामांच्या आंगठ्याखाली. त्यांचा आंगठा थरथरतो ना, ती थरथर कुठली आणि मुद्दाम दाबलेलं कुठलं, हे ती चिप ओळखेल. ओळखलं की तारेवरून कॉम्प्युटरला कळवेल.

कॉम्प्युटर कुठून आणायचा म्हणशील. तुमच्या शेजारच्या बाबलीकाकांच्या साईशने बाहरीनहून आणलाय ना, टीव्हीला जोडायचा? आईने धारगळहून लिहिलं होतं. तोच माग. पेटी ते कॉम्प्युटर फक्त तीन तारा: एक बोलायची, एक ऐकायची आणि एक दोघांच्या मधली सामाईक. अक्षरं एकामागून एक जातात, पाववाल्या पोदेराच्या दारातल्या रांगेसारखी. पडद्यावर दहा शब्दांची यादी दिसेल, एक बाण हळूहळू खाली सरकत जाईल. हव्या त्या शब्दावर बाण आला की मामांनी बटण दाबायचं. तो शब्द मोठा होऊन खाली उमटेल. देवनागरी अक्षरं मी टिंब टिंब जोडून स्वतः काढतोय, मामांना इंग्रजीत बोलायला लावायची माझी छाती नाही.

नमुन्याला मी 'मला पाणी हवे आहे' असं धरलंय, पण दहा शब्द कुठले ते तूच कळव. आणि मामीला सांग, नळीचं मामाच सांगतील, तुम्ही भांडू नका.

प्रशांत


आमोणे,
२३ जून १९८८

प्रशांतदादा,

तुझं पत्र मी बाबांना वाचून दाखवलं. गोमीपाशी डोळे हसले. खरंच हसले, आईनेही पाहिलं, या वेळी भांडण झालं नाही.

कॉम्प्युटर मागायला जायची मला लाज वाटत होती. तुला माहीत आहे, राजभाषेच्या वादात बाबा मराठीच्या मोर्च्यात पुढे होते आणि बाबलीकाका कोंकणीच्या. त्यावरून दोघांचं उलवप, बोलणंचालणंच तुटलं. गोवा राज्य झालं त्या दिवशी बाबलीकाकांनी पेढे वाटले, आमच्याकडचे बाबांनी परत पाठवले. पण बाबांचा आवाज गेल्याचं कळलं तसे काका आपणहून येऊन उशाशी कदेल ओढून बसले. आता रोज येतात. कॉम्प्युटरचं नाव काढलं तर साईशला विचारलंसुद्धा नाही, खोक्यासकट उचलून आणून मेजावर ठेवला. वर बाबांना म्हणतात, "मास्तर, आता भांडूंक जाय. हांव एकटोच कितलें भांडूं?"

शब्दांचं ऐक. तू नमुन्याला लिहिलेलं "मला पाणी हवे आहे" वाचून आई म्हणाली, "घरांत अशें कोण उलयता गो? तो काय शाळेंत बसला?" खरं आहे. आपण लिहितो मराठी, पण तहान लागली की उदक मागतो. बाबांनी जन्मभर मराठीचा झेंडा धरला तरी आईला हाक कोंकणीतच मारली. म्हणून सुटसुटीत शब्द घाल. होय. नको. उदक. कूस. दुखता. वारो. पुरो. बाबली. पद्मा. जानकी.

आईचं नाव त्यांनी चारचौघांत कधी घेतलं नाही. ती लाजली. पण काढून टाक म्हणाली नाही.

लवकर कर. काल पेज नाकातून आली.

जानकी


आमोणे,
१० जुलै १९८८

प्रशांतदादा,

पेटी पोचली. बसच्या ड्रायव्हरने म्हापशाला नीट हातात दिली. साईशने बाहरीनला परत जाण्याआधी सगळं जोडून, मला दोनदा करून दाखवून दिलं. तू सोबत पाठवलेली प्रोग्रामची कॅसेट लावली, टेपरेकॉर्डर किंचाळला, पडद्यावर तुझी अक्षरं आली. 'पद्मा' मधला द्म तू काय सुंदर काढलास रे. आई पदर तोंडाला लावून बघत राहिली.

बाबांनी होय वर दाबलं. पडद्यावर खाली आला एक चौकोन आणि दोन टिंबं. परत होय वर दाबलं, परत चौकोन आणि दोन टिंबं. नको वर दाबलं तर त्रिशूळासारखं काहीतरी आणि एक तिरकी रेघ. पुन्हा तेच. आंगठ्याला घाम फुटला होता. मग त्यांनी डोळे मिटून घेतले आणि संध्याकाळपर्यंत उघडले नाहीत.

मी सगळ्या खुणा मागच्या बाजूला जशाच्या तशा काढल्या आहेत. गिळताना आता रोज ठसका लागतो. डॉक्टर म्हणाले, फार थांबू नका.

जानकी


बंगळूर,
१७ जुलै १९८८

जानकी,

तुझ्या खुणा बघून मी जेवणाच्या सुट्टीतच ओरडलो. पेटी ठीक आहे, मामांचा आंगठा ठीक आहे, गाढव मी आहे. साईशचा कॉम्प्युटर एका वेगाने ऐकतो आणि माझी पेटी त्याच्या दुप्पट वेगाने बोलतेय. मी दुसऱ्याच मॉडेलचं पुस्तक वाचून वेग ठरवला. वेग जुळला नाही की असलाच कचरा उमटतो. मामांनी प्रत्येक वेळी बरोबर दाबलं होतं, त्यांना हे आधी सांग.

नवी चिप आजच्या बसने पाठवतोय. जुनी काढताना चमच्याचं टोक वापर, पाय वाकवू नको, खाच डाव्या बाजूला ठेव. इथे तुमच्यासारखाच कॉम्प्युटर एका मित्राकडून आणून शंभरदा चालवून बघितलंय. या वेळी चालणारच.

आईला मी सांगितलंय, तिचा भाऊ चवथीला तिच्याशी बोलणार.

प्रशांत


आमोणे,
२ ऑगस्ट १९८८

प्रिय प्रशांतदादा,

चिप मिळाली. तू सांगितलंस तशीच बसवली. चालत नाही.

खुणा खाली काढल्या आहेत. चौकोन, त्रिशूळ, गोल, मासोळीसारखं एक, परत त्रिशूळ, तीन टिंबं, आकडा सात, चौकोन.

आईने काल देवळात जाऊन गावच्या बेताळाला कौल लावला. पुजाऱ्याने देवाच्या अंगाला पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. नळी घालायची असेल तर उजवी पाकळी दे, म्हणून मागितलं. बराच वेळ काहीच पडेना. आई उभीच. मग उजवी पडली. आई घरी आली ती वेगळीच. आल्या आल्या बाबांच्या कपाळाला अंगारा लावला आणि म्हणाली, "देवान होय म्हटलां." कितीतरी महिन्यांनी ती रात्रभर झोपली.

तू फार त्रास घेऊ नको. तुझी नोकरी आहे.

जानकी


बंगळूर,
९ ऑगस्ट १९८८

जानकी,

त्रास कसला. झोप लागत नाही म्हणून तर करतोय.

या खुणा मला कळत नाहीत. आधी वाटलं, सामाईक तार सुटली असेल. ती सुटली की दोन्हीकडे काय बोलणं चाललंय याचा कोणालाच पत्ता लागत नाही. म्हणून नवी जाड तार करून पाठवतोय, टोकं मीच डाग देऊन पक्की केलीयत. कदाचित खनिजाची धूळ बटणात गेली असेल, म्हणून नवं बटणही सोबत. तुमच्याकडे बार्जवर माल चढवायला लागले की लाईट खाली-वर होते, त्याच्यासाठी एक छोटी पेटी वेगळी. सगळ्यावर नंबर घातलेत, चुकायचं कारण नाही.

देवाचा कौल झाला हे बरंच झालं, मामीला आधार मिळाला. पण मामांचा कौल राहिलाच की. डॉक्टरांना थोडे दिवस थांबायला सांग. एवढं आयुष्य दुसऱ्यांना शिकवण्यात घालवलेल्या माणसाला स्वतःच्या पोटाचं तरी विचारायला नको? तार जोडलीस की त्याच दिवशी पत्र टाक. मी पोस्टमनकडे डोळे लावून बसलोय.

प्रशांत


आमोणे,
२२ ऑगस्ट १९८८

प्रशांतदादा,

तार जोडली. बटण बदललं. छोटी पेटी लावली. नाही चालत.

आणि आता घाईही राहिली नाही. गेल्या आठवड्यात बाबांना हॉस्पिटलात नेऊन नळी बसवली. ठसका लागून काळेनिळे पडले होते, थांबणं शक्य नव्हतं. सगळं व्यवस्थित झालं. जखम सुकतेय. गाळलेली पेज, दूध, कधी माशाच्या कढीचं नुसतं पाणी, असं मी घालते. आई शेजारी बसून त्यांना सांगते, आज काय रांधलंय ते. चेहऱ्यावर थोडं मांस आलंय असं बघायला येणारे म्हणतात.

बाबलीकाका कॉम्प्युटर परत घेऊन गेले. साईशने मागवलाय म्हणाले. तुझी पेटी मी कापडात गुंडाळून कपाटात ठेवली आहे. तू चवथीला येणार होतास, पण रजेचं जमत नसेल तर ओढाताण करू नको. सत्यवतीआत्येची मी समजूत घालीन.

जानकी


बंगळूर,
३० ऑगस्ट १९८८

जानकी,

हे पत्र मी दोनदा लिहून फाडलंय.

तुझी दुसऱ्या वेळची खुणांची यादी घेऊन मी तीन आठवडे बसलो होतो. आपल्या पेटीला जेवढ्या वेगांनी बोलता येतं तेवढ्या सगळ्या वेगांनी तिला बोलायला लावलं. तारा उलट्या लावल्या, सामाईक तार सोडली, बटणात मुद्दाम धूळ घातली. मित्र हसायला लागला. मासोळी कुठेच आली नाही. आकडा सात आला नाही. आणि काल जेवताना मला साधी गोष्ट सुचली. होय दाबलं की बिघडलेली पेटीसुद्धा दरवेळी तीच खूण देते. पहिल्या वेळी तशीच दिली होती, चौकोन आणि दोन टिंबं, पुन्हा पुन्हा. तुझ्या दुसऱ्या यादीत खुणांची तीच जोडी दोनदा कुठेच येत नाही. यंत्र असं वागत नाही ग. असं माणूस वागतं, काहीतरी लिहून द्यायचं म्हणून लिहून देणारं.

पेटी चालत होती. हो ना?

मला राग आलाय, तो लपवत नाही. मी मामांसाठी रात्रंदिवस राबलो आणि तू मला खोटं सांगत राहिलीस. पण रागापेक्षा मोठं हे की मामा काहीतरी बोलले आणि ते मला कळलं नाही. काय बोलले? माझी शपथ नाही घालत, तुला जे बरं वाटेल ते कर. पण सांग.

आणि आंगठ्याचा जोर गेला असेल तर भुवईवर चालणारी पेटी मी करू शकतो. एक हलकी पट्टी कपाळावर. दसऱ्याला रजा मिळेल, स्वतः घेऊन येतो.

प्रशांत


आमोणे,
७ सप्टेंबर १९८८

प्रिय दादा,

पेटी चालत होती.

चिप बसवली तेव्हा आई देवळात गेली होती. खोलीत मी, बाबा आणि बाबलीकाका. कॅसेट लागली, बाण सरकायला लागला. मी घाई केली. आधी उदक विचारायला हवं होतं, वारो विचारायला हवं होतं, मन थोडं रमू द्यायला हवं होतं. पण मी तोंड उघडलं ते हेच विचारलं, "बाबा, पोटाला नळी घालूया?" बाण होय वर आला, आंगठा हलला नाही. नको वर आला आणि त्यांनी दाबलं. पडद्यावर एवढं मोठं 'नको'. तू काढलेलं, टिंब टिंब जोडून.

मी म्हटलं, चुकून दाबलं गेलं. परत विचारलं. परत नको. मी म्हटलं, बाबा, नीट ऐका, नळी घातली तर तुम्ही आमच्याजवळ राहाल. तिसऱ्या वेळी त्यांनी बाण खाली जाऊ दिला. सगळ्या शब्दांवरून गेला. शेवटच्या शब्दावर दाबलं. 'जानकी'. मग बाण वर जाऊन फिरून येईपर्यंत थांबले आणि दाबलं. 'नको'.

इतक्या महिन्यांनी त्यांनी मला हाक मारली, आणि ती अशी.

मी बाबलीकाकांकडे बघितलं. भांडखोर माणूस, गावात कोणाला बोलू देत नाही, पण उठून जनेलापाशी गेला आणि बाहेर बघत, पाठ करून उभा राहिला. तेवढ्यात अंगणात आईची चप्पल वाजली. ती प्रसादाचं फूल घेऊन धावतच आली, देवाने उजवी पाकळी दिली म्हणत. दादा, तू तिचा चेहरा बघायला हवा होतास. मी हात मागे नेला आणि टीव्हीची तार ओढून काढली. पडदा काळा झाला. आई म्हणाली, "बिघडलें परत?" मी म्हटलं, हो. बाबा माझ्याकडे बघत होते. वर्गात पोरगं खोटं बोललं की बघायचे तसे. मी ते डोळे ओळखते, मी त्यांच्याच वर्गात होते.

आईला दुखवायचं नव्हतं, देवाचा शब्द मोडायचा नव्हता, हे सगळं मी मनाला सांगून बघितलं. ते खरं नाही. मला बाप हवा होता. हलला नाही, बोलला नाही तरी चालेल, पण घरात हवा होता. एवढंच.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी मला विचारलं, "गुरुजींना विचारलंत?" मी म्हटलं, विचारलं, होय म्हणाले. मग सहीचा कागद आला. सही कुठली करणार? तिथल्या मावशीने शाईचा पॅड आणला, बाबांचा उजवा आंगठा धरला, शाईत बुडवला आणि कागदावर दाबला. आंगठा मागे ओढत होता. मी बघितलं. मावशी म्हणाली, थरथरतो बिचाऱ्याचा. किती पोरांना ह्या माणसाने सही शिकवली, दादा. शाई दोन दिवस गेली नाही.

त्यानंतर आंगठा हलला नाही. डॉक्टर म्हणतात, आजार पुढे सरकला, तो सरकणारच होता. असेल. बाबलीकाका कॉम्प्युटर घेऊन गेले ते साईशने मागितला म्हणून नव्हे. साईशचं पत्रसुद्धा आलं नाही. नेऊ का म्हणून त्यांनी मला एकच विचारलं, "व्हरूं?" मी मान हलवली. आईला यातलं काही माहीत नाही, आणि तूही सांगू नको. ती सकाळी फुलं काढून आणते आणि बाबांना म्हणते, देवान तुका राखलो. बाबा तिच्याकडे प्रेमाने बघतात. माझ्याकडे बघत नाहीत.

तुझा राग खरा आहे. तू चांगलं यंत्र केलंस, अगदी बरोबर चालणारं. मला ते खोटं पाडायला फार वेळ लागला नाही.

भुवई अजून हलते, उजवी. जोर आहे तिच्यात. दसऱ्याला ये, नक्की ये, आत्येलाही घेऊन ये. मामाजवळ बस, पाळीच्या शाळेच्या गोष्टी सांग, त्यांना आवडेल. पण पेटी आणू नको. तू पट्टी बांधलीस तर ते काय म्हणतील मला ठाऊक आहे. आणि ते परत ऐकल्यावरही दादा, मी पेज गाळून नळीत ओतणारच आहे.

तुझी,
जानकी